गहाण पडलेले सोने आणि न वाचलेला रोखा

आपल्याकडे सोन्याचे स्थान इतर धनाहून निराळे आहे. शेताचा तुकडा विकावा लागला तर माणूस हळहळतो. परंतु घरातील पाटल्या-बांगड्या सावकाराच्या पेटीत गेल्या तर तो चार दिवस शेजाऱ्याच्या नजरेस नजर देत नाही. म्हणून दागिने गहाण ठेवावयास निघालेला गृहस्थ बहुधा दिवेलागणीनंतर निघतो आणि पुरचुंडी उपरण्याखाली धरतो. कर्ज काढण्याची त्यास जितकी लाज वाटत नाही, तितकी ते कोणास कळेल याची वाटते. १९९१ सालच्या जुलै महिन्यात आपल्या देशानेही नेमके हेच केले. ४ जुलै ते १८ जुलै या दोन आठवड्यांत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने चार खेपांत मुंबईहून विमानाने परदेशी रवाना झाले, आणि त्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांजकडून सुमारे ४० कोटी डॉलर उसने मिळाले.

या गोष्टीस आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मध्यंतरी तिजविषयी पुष्कळ लिहिले गेले व त्यात सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एका पक्षास तो राष्ट्राच्या मानहानीचा प्रसंग वाटतो, दुसऱ्यास तो नव्या भरभराटीचा मुहूर्त वाटतो. आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नास वळसा घालून जातात. आपले देणे वेळेवर फेडावे म्हणून सोने गहाण टाकणे यात मानहानी कसली? आणि पुढे दिवस चांगले आले एवढ्यावरून त्या वेळचा सगळा व्यवहार निर्दोष होता असेही ठरत नाही. कर्जाच्या कचाट्यात सापडलेल्या सरकारास तीन ठिकाणी बोलणी करावी लागतात : सावकाराशी, स्वपक्षीयांशी, आणि ज्यांच्या नावे कर्ज काढावयाचे त्या जनतेशी. १९९० ते १९९१ या दोन वर्षांत दिल्लीस जी तीन सरकारे झाली त्यांनी मिळून पहिली दोन बोलणी कशीबशी, पण अखेरीस कौशल्याने, पार पाडली. तिसरी बोलणी मात्र कोणीच केली नाहीत. ती राहून गेल्याची किंमत आपण अद्यापि देत आहो, हे दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. ज्या लंडन शहरी आपले सोने गेले, त्याच शहराचा आपला देश एके काळी सावकार होता, हे आज पुष्कळांच्या स्मरणात नसेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने येथून अपरंपार माल नेला, सैन्याचा खर्च येथे केला, आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने आपल्या खाती जमा धरली. युद्ध संपता संपता ही बाकी १३० कोटी पौंडांच्या आसपास पोहोचली होती. ती रक्कम म्हणजे येथील रयतेने युद्धकाळी सोसलेल्या महागाईची व टंचाईची जमेची बाजू होती असे म्हटले तरी चालेल. १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे राष्ट्रांची परिषद भरून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. त्या परिषदेतील हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे होते. युद्धातून साचलेले हे येणे वसूल होण्यास नाणेनिधीने हातभार लावावा असा आग्रह आपल्या शिष्टमंडळाने धरला. तो प्रश्न ज्या त्या दोन देशांनी आपसांत मिटवावा असे सांगून ब्रिटनने तो टाळला. नाणेनिधीच्या दारी हिंदुस्थान प्रथम उभा राहिला तो असा, धनको म्हणून.

स्वातंत्र्यानंतर ही शिल्लक धान्य व यंत्रसामग्री यांच्या खरेदीत झपाट्याने आटली. दुसरी पंचवार्षिक योजना चालू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि १९५८ साली आपणांस मदत देणाऱ्या राष्ट्रांचा एक संघच स्थापन करावा लागला. पुढे युद्धे झाली, दुष्काळ पडले, आणि ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेऊन रुपयाचे अवमूल्यन करणे भाग पडले. हे परकीयांच्या दडपणामुळे केले असा सार्वत्रिक समज झाला. त्याच्या मोबदल्यात जेवढ्या मदतीची आशा दाखविली होती तेवढी काही पदरात पडली नाही, आणि सत्तारूढ पक्षातीलच वडीलधारी मंडळी सरकारवर तुटून पडली. तेव्हापासून अवमूल्यन हा शब्द आपल्या राजकारणी पुरुषांनी जणू वाळीत टाकला. १९८१ साली नाणेनिधीशी त्या निधीच्या हिशेबी चलनातील ५०० कोटींच्या कर्जाचा करार झाला. पण १९८४ साली उरलेली रक्कम न उचलताच आपण तो व्यवहार आटोपता घेतला. तेव्हा आपली पत चांगली होती.

मग सहा-सात वर्षांत असे काय घडले? याचे उत्तर थोडक्यात असे की, सावकार बदलला. पूर्वीची कर्जे बहुतांशी सरकारांकडून किंवा जागतिक संस्थांकडून, लांब मुदतीची व हलक्या व्याजाची असत. १९८० नंतरच्या दशकात देशाची वाढ पूर्वीहून वेगाने झाली खरी, परंतु सरकारचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावू लागला आणि ती तफावत भरून काढण्यास परदेशी खासगी बँकांची अल्पमुदतीची कर्जे व परदेशस्थ भारतीयांच्या ठेवी यांचा आधार घेतला गेला. असला पैसा पाहुण्यासारखा असतो. घरात भांडण लागले की तो आधी बूट शोधू लागतो. मार्च १९९१ अखेर देशावरील एकंदर परदेशी कर्ज सुमारे ८,४०० कोटी डॉलर होते व त्यातील साडेआठशे कोटी अल्पमुदतीचे होते. १९९०-९१ या वर्षी केंद्र सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांवर गेली होती. ऋण काढून सण करणाऱ्याची जी अवस्था पंचमीनंतर होते ती ही अवस्था होय.

१९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार अधिकारावर आले व कोकणातील राजापूरचे प्रतिनिधी मधु दंडवते अर्थमंत्री झाले. तिजोरी रिकामी आहे हे त्यांनी आरंभीच बोलून दाखविले. हा त्यांचा प्रांजळपणा होता. परंतु रोग सांगितला तरी औषध देण्याइतके बळ त्या आघाडीत नव्हते. उलट शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याचे वचन तिने पाळले आणि बोजा वाढला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. तेलाचा भाव दोन-तीन महिन्यांत दुपटीवर गेला. कुवेतमधून येणारा पैसा थांबला, इतकेच नव्हे तर तेथील दीड लाखांहून अधिक भारतीयांस अम्मानमार्गे विमानांनी मुंबईस आणावे लागले. नेसत्या वस्त्रानिशी परतलेल्या त्या कुटुंबांत काल-परवापर्यंत दरमहा परकीय चलन धाडणारे लोक होते. ऑक्टोबरपासून परदेशस्थ भारतीय आपल्या ठेवी काढून घेऊ लागले. पतमापन करणाऱ्या परदेशी संस्थांनी आपली पत उतरविली आणि खासगी बँकांनी हात आखडते घेतले.

नोव्हेंबरात ते सरकार कोसळले व चंद्रशेखर हे मूठभर खासदारांच्या बळावर आणि काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. यशवंत सिन्हा अर्थमंत्री झाले. जानेवारी १९९१ मध्ये नाणेनिधीकडून सुमारे १८० कोटी डॉलर मिळाले. ही रक्कम तुलनेने सैल अटींवर मिळाली होती. त्याच सुमारास इराकवरील स्वारीसाठी जाणाऱ्या अमेरिकेच्या लष्करी विमानांस मुंबई व इतर विमानतळांवर तेल भरू दिले जात होते. या दोन गोष्टींची गाठ घालून अनेकांनी तेव्हा टीका केली आणि काँग्रेसच्या विरोधामुळे तेल देणे थांबले. मोठ्या रकमेसाठी मात्र निधीस देशाचे अंदाजपत्रक पाहावयाचे होते, आणि तेच सादर होऊ शकले नाही. ४ मार्चला केवळ काही महिन्यांच्या खर्चाची तरतूद झाली व ६ मार्चला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ज्या घरचा कर्ता कोण हेच ठरलेले नाही त्या घरास सावकार उसने कसे देणार? बोलणी तेथेच अडली.

यानंतरचे तीन महिने या सर्व प्रकरणातील अत्यंत कसोटीचे होत. सरकार काळजीवाहू, निवडणुका तोंडावर, आणि गंगाजळी दर आठवड्यास घटत चाललेली. परदेशाहून माल मागविणाऱ्या व्यापाऱ्यास बँकेत जी आगाऊ रोख रक्कम ठेवावी लागे तिचे प्रमाण रिझर्व्ह बँकेने मालाच्या किमतीच्या ५० टक्क्यांवरून १३३ टक्क्यांवर व एप्रिलमध्ये २०० टक्क्यांवर नेले. म्हणजे एक लाखाचे यंत्र आणावयाचे तर आधी दोन लाख अडकवावयाचे. आयात त्यामुळे आटली हे खरे. पण सुटे भाग व कच्चा माल यांवाचून कारखानेही मंदावले. इतके करूनही भागेना. तेव्हा मे महिन्यात, चोरट्या व्यापाऱ्यांकडून जप्त केलेले सरकारजवळील २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या एका बँकेस, परत खरेदी करण्याच्या बोलीने, विकण्यात आले. त्यातून सुमारे २० कोटी डॉलर उभे राहिले. कागदोपत्री ही विक्री, व्यवहारात गहाणच. त्याच महिन्यात, २१ मे रोजी, प्रचारदौऱ्यावर असता राजीव गांधींची हत्या झाली.

जाणाऱ्या सरकारास असला व्यवहार करण्याचा नैतिक अधिकार होता काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आमच्या मते होता. देणे बुडविले असते तर काय झाले असते याचा विचार करावा. खनिज तेल, रॉकेल, खते, खाद्यतेल, औषधांची द्रव्ये या सर्वांसाठी परदेशी विक्रेत्याने रोख पैसा मागितला असता, आणि तो आपणांजवळ नव्हताच. श्रीमंतांस याची झळ उशिरा पोहोचते. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईस ती दुसऱ्या दिवशी पोहोचते. स्वातंत्र्यापासून आपण परदेशी देण्याची एकही मुदत चुकविली नव्हती. हा लौकिक राखण्यासाठी ज्यांनी अप्रिय निर्णयावर सही केली ते पुढच्या निवडणुकीत आपणांस काही मिळणार नाही हे जाणून होते. चंद्रशेखर व सिन्हा यांच्या या कामाचे श्रेय त्यांस फार थोड्यांनी दिले, ते येथे देणे न्याय्य आहे.

२१ जून १९९१ रोजी पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले व डॉ. मनमोहन सिंग यांस त्यांनी अर्थमंत्री नेमले. गंगाजळीत शंभर-सव्वाशे कोटी डॉलर, म्हणजे दोन आठवड्यांच्या आयातीस जेमतेम पुरेल एवढे, उरले होते. लोकसभेत बहुमत नव्हते. नव्या मंडळींनी वेळ दवडला नाही. १ जुलैला व ३ जुलैला, अशा दोन पावलांत, रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. १९६६ च्या आठवणीने पंतप्रधान पहिल्या पावलानंतर बिचकले होते व दुसरे थांबवावे असे त्यांच्या मनात आले. पण अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांस विचारले तेव्हा ते पाऊल पडून चुकले होते! ४ जुलैला निर्यातीची रोख अनुदाने बंद करणारे नवे व्यापारी धोरण जाहीर झाले, आणि त्याच दिवसापासून रिझर्व्ह बँकेचे सोने मुंबईहून निघू लागले.

या सोन्याच्या व्यवहाराची कायदेशीर बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेच्या कायद्याप्रमाणे तिच्या सोन्यापैकी वीसातील सतरा हिस्से देशातच असले पाहिजेत. म्हणजे शेकडा १५ एवढेच बाहेर ठेवता येते. ४७ टन सोने या मर्यादेच्या आत बसत होते. आपण प्रथम असे सुचविले होते की, तारण म्हणून सोने येथेच वेगळे काढून ठेवावे. परंतु धनकोने ते आपल्या हाती असावे असा हट्ट धरला. कर्ज देणाऱ्यास आपल्या शब्दाचा भरवसा उरला नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? ही वार्ता देशास कळली ती एका इंग्रजी दैनिकाच्या बातमीदाराने फोडली तेव्हा. अर्थमंत्र्यांनी संसदेत त्याचे समर्थन केले ते त्यानंतर.

२४ जुलैला अंदाजपत्रक व नवे औद्योगिक धोरण एकाच दिवशी आले. अठरा उद्योग वगळता परवाना पद्धत उठली. खतांच्या किमती शेकडा ४० नी वाढविण्यात आल्या. त्याबरोबर काँग्रेसच्याच खासदारांत असा गहजब झाला की, ऑगस्टच्या आरंभी ती वाढ ३० वर आणून लहान शेतकऱ्यांस तीतून सूट द्यावी लागली. स्वपक्षीयांशी करावयाची बोलणी म्हणतो ती ही. नरसिंह राव या विद्येत निष्णात होते : जेथे वाकले असता मोडत नाही तेथे ते वाकत, आणि जेथे वाकले असता सर्वच मोडेल तेथे जागचे हलत नसत. २७ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी नाणेनिधीस आपल्या सरकारच्या संकल्पांचे पत्र पाठविले. चालू वर्षात तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेसहा टक्क्यांवर आणण्याचे वचन त्यात होते. ३१ ऑक्टोबरला निधीने सुमारे २२० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. ते हप्त्याहप्त्याने, अटी पाळल्या जातात की नाही हे पाहून, मिळावयाचे होते.

या अटी परक्यांनी लादल्या काय? सर्व वादाचा कणा हा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे. तूट किती व किती महिन्यांत कमी करावी, याविषयी निधीचे दडपण होते यात शंका नाही. पण परवाने उठवावेत, आयातीवरील संख्येची बंधने सैल करून त्यांऐवजी जकात ठेवावी, रुपयाचा भाव वास्तवाशी जुळवावा, हे विचार वॉशिंग्टनहून प्रथमच आले असे नाही. परदेशी व्यापारासंबंधी आबिद हुसेन समितीने १९८४ साली, आणि सरकारी नियंत्रणांसंबंधी नरसिंहम् समितीने १९८५ साली याच दिशेची चर्चा केली होती. १९९० च्या उन्हाळ्यात पंतप्रधानांच्या कचेरीतील माँटेकसिंग अहलुवालिया यांनी एक टिपण लिहून सुधारणांचा क्रमवार आराखडा मांडला होता. उद्योगखात्यात परवाना पद्धतीच्या सुधारणेचे मसुदे आधीच तयार होते. अवघ्या पाच आठवड्यांत नव्या सरकारने एवढे केले ते या सिद्धतेमुळे. ज्या कर्जदाराजवळ स्वतःची योजना असते त्यास सावकाराची योजना जशीच्या तशी स्वीकारावी लागत नाही. मोठ्या बँका सरकारच्याच राहिल्या. भांडवलाच्या ये-जा वरील निर्बंध आपण आपल्या सवडीने व बेताने सैल केले. १९९७ साली पूर्वेकडील देशांवर चलनसंकट कोसळले तेव्हा आपण बऱ्याच अंशी वाचलो, त्याचे एक कारण हे सावधपण होते असे पुष्कळ अर्थशास्त्रज्ञ मानतात. सावकाराशी बोलणी यशस्वी झाली असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

आता तिसऱ्या बोलण्यांकडे वळू. आणि त्यासाठी आमच्याच मुलुखातील एका जुन्या प्रकरणाची आठवण करून देण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजारच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांवर उठाव केला व तो पुणे-नगरच्या कित्येक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात हे प्रकरण प्रसिद्ध आहे. त्यात ध्यानी धरण्याजोगी गोष्ट अशी की, जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो त्याच्या दप्तरावर होता. त्यांनी कर्जरोखे मागितले व जाळले. आपण पैसे घेतलेच नाहीत असे त्या कुणब्यांचे म्हणणे नव्हते. आपण अंगठा उठविला त्या कागदात काय लिहिले होते हे आपणांस ठाऊक नव्हते, ही त्यांची तक्रार होती. इंग्रज सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले आणि १८७९ च्या कायद्याने अशी तजवीज केली की, शेतकऱ्याचे कर्जरोखे गावच्या सरकारी नोंदणी-कामगारासमक्ष लिहिले जावेत. परके सरकार असूनही त्यास एवढे उमगले की, न वाचलेला रोखा कितीही न्याय्य असला तरी तो ऋणकोच्या मनाला बांधीत नाही.

१९९१ चा रोखा देशातील कोट्यवधी ऋणकोंनी असाच न वाचता दिला. यावर कोणी म्हणेल की, असल्या गोष्टी चव्हाट्यावर करावयाच्या असतात काय? अवमूल्यनाचा दिवस आधी कळला तर सटोडिये एका रात्रीत देश लुटतील. सोन्याची वाट आधी कळली तर वाटेत दरोडा पडेल. हे आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु क्षणाची गुप्तता वेगळी व अटींची गुप्तता वेगळी. रुपयाचा भाव कोणत्या दिवशी बदलणार हे सांगावयाचे नसते. पण देणे किती आहे, ते कसे झाले, कोणत्या अटींवर नवे उसने घ्यावयाचे आहे, त्या अटींचा भार प्रथम कोणावर पडेल व तो किती काळ राहील, हे सांगण्यात कोणता धोका होता? २७ ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत दोन महिने निधीचा निर्णय व्हावयाचा होता. संसदेची आधी संमती घ्यावी असे कायद्याचे बंधन नव्हते, आणि ती घेतली गेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अल्पमतातील सरकारने उघड चर्चा केली असती तर काहीच मंजूर झाले नसते, असे म्हणतात. पण त्या वर्षाचाच इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. जुलैच्या मध्यास, सोन्याच्या खेपा चालू असतानाच, नव्या सरकारने लोकसभेपुढे विश्वासाचा ठराव आणला. तेव्हा विरोधकांपैकी पुष्कळांनी तटस्थ राहून ते सरकार तरू दिले. तिन्ही सरकारांनी, एकमेकांची कितीही निंदा केली तरी, देणे न बुडविण्याचे धोरण एकच ठेवले. म्हणजे प्रसंगाचे गांभीर्य ओळखण्याइतके शहाणपण आपल्या प्रतिनिधींत होते. मग ते जनतेतच नव्हते असे कोणत्या आधारे मानावयाचे? १९९१-९२ या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ शेकडा एकाच्या थोडीशी वर राहिली, ऑगस्टात घाऊक भाववाढ १६-१७ टक्क्यांवर गेली, व अनेक कारखान्यांत काम मंदावले. हे सर्व लोकांनी सोसलेच. सोसण्यास जे लायक ठरले ते ऐकण्यास लायक नव्हते काय?

या मौनाची किंमत दोन प्रकारांनी मोजावी लागली. जे धोरण पुष्कळ अंशी आपल्याच विद्वानांनी व अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे घासून तयार केले होते, ते परक्यांनी हात पिरगाळून करविले असा ग्रह देशात दृढ झाला. तो अद्यापि गेला नाही. ज्या पक्षाने ते केले त्यासही ते आपले म्हणून सांगताना पुढे कित्येक वर्षे चाचरावे लागे. दुसरी किंमत याहून भारी आहे. कठीण निर्णय लोकांस न समजावता, हळूच, पडद्याआड करावयाचे असतात, असा धडा आपल्या राज्यकर्त्यांनी या प्रसंगातून घेतला. त्यामुळे पुढे कोणताही मोठा आर्थिक बदल आला की, यात काहीतरी लपविले आहे असाच संशय सामान्य माणसाच्या मनात प्रथम येतो. तो संशय पुष्कळदा चुकीचा असतो. पण तो त्यास कोणी शिकविला?

पुढील हकीकत आनंदाची आहे. तारण पडलेले सोने त्याच वर्षी कर्ज फेडून मोकळे झाले. मार्च १९९२ अखेर परकीय चलनाची शिल्लक ५६० कोटी डॉलरवर आली. नाणेनिधीचे सर्व देणे २००० साली फिटले. २००९ साली त्याच नाणेनिधीने आपले काही सोने विकावयास काढले तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्यातील २०० टन सुमारे ६७० कोटी डॉलर रोख देऊन विकत घेतले. आणि २०२३-२४ या वर्षात इंग्लंडातील आपल्या सोन्यापैकी सुमारे १०० टन मायदेशी आणले गेले. ही बातमी वर्तमानपत्रांत मोठ्या ठळक अक्षरांत आली, व घरोघर ती कौतुकाने वाचली गेली. सोने घरी येते तेव्हा आपण वाजतगाजत आणतो.

परंतु दिवस सदा सारखे राहत नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या २९२ व्या कलमाने कर्ज काढण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला आहे. त्यास मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस आहे. २००३ साली तुटीस आळा घालणारा कायदा झाला खरा. पण परक्या धनकोशी ठरलेल्या अटी सही होण्यापूर्वी लोकप्रतिनिधींपुढे ठेवल्या पाहिजेत असा दंडक अजून नाही. असा दंडक घालून घेण्यास सुबत्तेचा काळच योग्य. अडचणीच्या वेळी तो घालावयास कोणतेही सरकार धजणार नाही, आणि धजले तरी सावकार थांबणार नाही. रोख्याची भाषा सोपी असावी, त्यात भार कोणावर किती हे आकड्यांनिशी लिहिलेले असावे, आणि सहीपूर्वी एक दिवस तरी तो संसदेत मोठ्याने वाचला जावा, एवढीच आमची मागणी आहे. सुप्याच्या कुणब्यांची मागणी याहून फार मोठी नव्हती.